रॅम वाढवायला गेले, होती तीही काढून घेतली

मी जुळे सोलापुरात राहते आणि घरूनच हिशेबाची कामं करते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले दोन टॉवेल कारखाने आणि पूर्व भागातले सहा-सात यंत्रमागवाले यांची टॅली आणि जीएसटी माझ्याकडे आहे. लॅपटॉप 2014 चा, चौथ्या पिढीचा आय-थ्री, रॅम 4 जीबी. टॅली आणि जीएसटीचं पोर्टल एकदम उघडलं की तो गुदमरायचा. जानेवारीची 11 तारीख, म्हणजे जीएसटीआर-1 या विक्रीच्या रिटर्नची मुदत, जवळ येत होती. म्हणून पहिल्याच आठवड्यात रॅम वाढवून घ्यायचं ठरवलं.

पेठेतल्या एका दुकानात गेले. नाव लिहीत नाही. दुकानदार गोड बोलणारा. "ताई, विंडोज 10 आता बंद झालं की. 4 जीबी अजून टाकू, 8 झाली की अकरा पण टाकून देतो पुढच्या टायमाला." विंडोज 10 चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले हे खरं आहे. पण विंडोज 11 साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. माझ्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये कितीही रॅम घातली तरी तो त्या नियमात बसत नाही. हे मला नंतर समजलं. तेव्हा मी मान डोलावली.

भाव ठरला 2,200 रुपये. "नवीन माल हाय, सहा महिने वॉरंटी. आतल्या टेबलावर खोलावं लागंल, अर्धा तास लागतोय. तुम्ही बाजार करून या." सगळा घोळ या वाक्यात होता. संक्रांतीचं सामान घ्यायचंच होतं, गड्ड्याच्या यात्रेमुळे रस्त्यावर गर्दी होती, पाऊण तासाने परतले. त्याने पडदा माझ्याकडे वळवून दाखवला: 8 जीबी. मी यूपीआयने पैसे दिले. बिल मागितलं तर दुकानाच्या कार्डाच्या मागे '4 जीबी रॅम, 2200' असं लिहून दिलं.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, चार बिलं चढवायची राहिली असताना, निळा पडदा आला. त्यावर मेमरी मॅनेजमेंट असं काहीतरी लिहिलेलं. पुन्हा चालू केला, वीस मिनिटांनी तेच. नंतर पंखा फिरायचा पण पडदा काळाच राहायचा.

दुकानात नेला. त्याने न खोलताच सांगितलं, "मदरबोर्ड गेला ताई. जुनं मशीन हाय, रॅमचा काय संबंध? 6,500 होतील, ठेवून जावा." मी जवळजवळ ठेवूनच आले होते. एका गोष्टीने थांबले. त्यात आठ जणांचे हिशेब आणि त्यांच्या पोर्टलचे पासवर्ड होते, ते परक्याच्या टेबलावर रात्रभर ठेवायला मन धजेना. लॅपटॉप घरी आणला आणि 11 तारखेचं काम एका कारखान्याच्या ऑफिसात बसून उरकलं.

संक्रांतीला बहिणीचा मुलगा आला, पॉलिटेक्निकला आहे. त्याने चार्जर काढला, बॅटरी काढली, चालू करायचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरलं आणि मागचं झाकण उघडलं. रॅमच्या दोन्ही पट्ट्या, म्हणजे स्टिक, काढल्या, सोनेरी कडा खोडरबरने हलक्या पुसल्या आणि मग एका वेळी एकच स्टिक, एकाच स्लॉटमध्ये, असं आलटून पालटून लावून बघितलं. स्टिक तिरकी घालून खाली दाबल्यावर दोन्ही बाजूंच्या पत्र्यांचा टक् आवाज आला पाहिजे, हे त्याने मला करून दाखवलं. एका स्टिकवर लॅपटॉप चालू झाला. तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्येही चालली. म्हणजे मदरबोर्डचे दोन्ही स्लॉट ठीक होते. दुसरी स्टिक कुठेही लावली तरी कधी चालू, कधी काळा पडदा.

मग त्याने टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर बोट ठेवलं. स्पीड 1333. "मावशी, तुझी तर 1600 ची होती ना?"

मला काय माहीत? पण त्याच्या मोबाईलमध्ये पुरावा होता. 2021 मध्ये त्यानेच जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली होती आणि कुठला स्क्रू कुठे जातो ते लक्षात राहावं म्हणून झाकण उघडल्यावर फोटो काढला होता. फोटोत माझी मूळ स्टिक स्पष्ट दिसत होती: '4जीबी 1आरएक्स8 पीसी3एल-12800एस' (12800 म्हणजे 1600 चा स्पीड), खाली सिरियल नंबर, वरच्या बाजूला चारच चिप्स. आता आत असलेल्या दोन्ही स्टिकवर त्याच बाजूला आठ-आठ चिप्स. स्टिकरवर पीसी3एलच लिहिलेलं, पण एकाचा कोपरा नखाने उचलला तर खाली जुनं स्टिकर निघालं: 'पीसी3-10600एस', म्हणजे 1333 ची, आणि 'एल' नसलेली. सीपीयू-झेड नावाच्या मोफत प्रोग्रामच्या एसपीडी पानावर स्टिकच्या आतली माहिती दिसते. तिथे दोन्हींचा व्होल्टेज 1.5 आणि बनल्याचं साल 2011 होतं. 'नवीन माल'!

त्या 'एल' अक्षराचा अर्थ मला त्या दिवशी कळला. साधी डीडीआर3 रॅम 1.5 व्होल्टवर चालते, एलवाली 1.35 वर. चौथ्या पिढीच्या या लॅपटॉपांना कमी व्होल्टची एलवालीच लागते. साधी स्टिक खाचेत बसते, पिनाही तेवढ्याच, 204. कधी चालू होते, कधी होत नाही, कधी काम वाढलं की अडखळते. उलट एलवाली स्टिक जुन्या 1.5 व्होल्टच्या लॅपटॉपमध्येही चालते. म्हणून ती कुठेही विकता येते, आणि म्हणूनच माझी चांगली स्टिक काढून घेण्यात त्याचा फायदा होता. आत दोन जुन्या टाकल्या, एकीचे पैसे माझ्याकडून घेतले, माझी मूळ ठेवून घेतली, आणि लॅपटॉप बिघडल्यावर मदरबोर्डचे पैसे वेगळे. मला राग त्या 2,200 चा कमी आला. माझं काम कुठल्या तारखेला अडणार आहे हे मी त्याला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, त्याचा जास्त आला.

लॅपटॉप दुरुस्तीला देणार असाल तर देण्याआधी टास्क मॅनेजरमधल्या मेमरीच्या पानाचा फोटो काढा आणि सीपीयू-झेडमधला प्रत्येक स्टिकचा सिरियल नंबरही टिपून ठेवा. झाकण समोर उघडायला लावा. तो नाही म्हणाला तर उठून या. रॅम बसवल्यावर नुसतं '8 जीबी' बघून पैसे देऊ नका, स्पीड बघा. घरी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट86 हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवा. एक जरी एरर आली तरी स्टिक परत करा. आणि पक्कं बिल घ्या, त्यावर पीसी3एल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. माझ्याकडे यूपीआयचा मेसेज आणि कार्डामागचं अक्षर एवढंच होतं.

भाचा आणि मी दोन्ही स्टिक घेऊन दुकानात गेलो. आधी दुकानदार म्हणाला, "तुम्हीच घरी बदलल्या असतील." भाच्याने 2021 चा फोटो पुढे केला, उचललेलं स्टिकर दाखवलं. मी म्हटलं, "दादा, मी इथूनच ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 ला फोन लावते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, आणि दोन वर्षांची मुदत आहे." आवाज कापत होता माझा, पण बोलले. गिऱ्हाईकं थांबून बघायला लागली तसा तो मऊ झाला. पोरानं चुकून अदलाबदल केली असेल म्हणाला, काउंटरखालचा खण ओढला आणि त्यात हात घालून शोधू लागला.

माझी स्टिक त्या खणात होती. सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे भाच्याने मोठ्याने वाचले, फोटोशी जुळले. 2,200 पैकी 1,500 त्याने परत केले, उरलेले मजुरीचे म्हणाला. मी ते घेतले आणि घरी येऊन 1915 वर तक्रार नोंदवलीच. दुसरी एलवाली स्टिक दुसरीकडून बिलासकट आणली. मेमटेस्ट रात्रभर चालवला, एकही एरर नाही, आणि 20 तारखेची 3बी रिटर्न माझ्याच लॅपटॉपवर भरली.

पण तो खण डोळ्यांसमोरून जात नाही. आत तीस-चाळीस तरी स्टिक होत्या, वरवर दिसणाऱ्या बऱ्याचशांवर पीसी3एल. मी विचारलं, "या कुणाच्या?" "स्क्रॅप हाय ताई," म्हणत त्याने खण आत ढकलला.