आमदारांची विधेयकं मोजणारं ॲप: दहा महिने, तीन अधिवेशनं

कोल्हापुरात नागाळा पार्कात, कलेक्टर कचेरीच्या अंगाला माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसाला आठ-दहा निवेदनं टाइप होतात आणि त्यातली निम्मी 'मा. आमदार महोदय यांस' अशी सुरू होतात. फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी येतात, आणि मग तो कागद कुठं जातो ते ना मला माहीत ना देणाऱ्याला. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाच्यानं मोबाइलवर हे ॲप टाकून दिलं. मतदारसंघ निवडायचा, की त्या आमदारांनी मांडलेली विधेयकं, ती कुठवर आली, कोणते प्रश्न विचारले, हे सगळं दिसतं. वर्षाला सहाशे रुपये. ॲपचं आणि आमदारांचं, दोन्ही नावं घेत नाही. एकाची फुकट जाहिरात होईल, आणि दुसऱ्यांची माणसं दुकानात येतील.

पहिला महिना नुसता शब्द समजून घेण्यात गेला. मंत्री मांडतो ते शासकीय विधेयक, बाकी कुणाही सदस्यानं मांडलं की ते अशासकीय. मी हे दुकानात मोठ्यानं वाचलं तर कळंब्याचे एक मामा, रोजचं गिऱ्हाईक, म्हणाले, "अशासकीय म्हणजे बेकायदेशीर की काय रे?" हसलो, पण त्यांचं फार चुकलं नव्हतं, कारण अशा विधेयकाला घरात पाहुण्यासारखं वागवतात. चहा मिळतो, मुक्काम मिळत नाही. अशासकीय कामकाजाला शुक्रवार ठेवलेला असतो. २०२५ ची तिन्ही अधिवेशनं धरली, ३ ते २६ मार्च आणि ३० जून ते १८ जुलै मुंबईत, ८ ते १४ डिसेंबर नागपुरात, तर शुक्रवार येतात सात. त्यातला एक १४ मार्चचा, म्हणजे धुळवड! आता २८८ सदस्य आणि उरलेले सहा शुक्रवार, करा भागाकार.

ॲपमध्ये प्रत्येक विधेयकापुढं एक आडवी पट्टी असते: पुरःस्थापना (म्हणजे विधेयक मांडणं), विचारार्थ प्रस्ताव, खंडशः (कलमवार) विचार, संमत, दुसरं सभागृह, राज्यपालांची संमती, राजपत्र. गाडी कुठल्या स्टँडवर आली तिथं हिरवा ठिपका. दिसायला झकास. आमच्या आमदारांच्या दोन विधेयकांचे ठिपके अजून पहिल्याच स्टँडवर उभे आहेत. सुरुवातीला मला याचा राग आला होता. मग मदतीच्या पानावर वाचलं की थेट संसदेतसुद्धा आजवर अशी चौदाच विधेयकं कायदा झाली, आणि शेवटचं १९७० साली. बहुतेक वेळा होतं असं, की सदस्य तळमळीनं बोलतो, मंत्री 'शासन सकारात्मक आहे' म्हणतो, विधेयक मागं घ्यायची विनंती करतो आणि सदस्य सभागृहाच्या परवानगीनं ते मागं घेतो.

आता ॲपनं केलेला घोळ सांगतो. जुलैत एका संध्याकाळी मोबाइल वाजला: 'तुमच्या आमदारांचे विधेयक: संमत'. शेजारच्या चहावाल्यानं स्वतःहून सहा कटिंग आणून ठेवले. मामांनी लगेच तालमीच्या ग्रुपवर टाकलं, तिथून ते कुठं कुठं गेलं देव जाणे. रात्री शंका आली म्हणून त्या दिवसाच्या कार्यवाहीची असुधारित प्रत, म्हणजे सभागृहात जे बोललं गेलं त्याची कच्ची नोंद, उघडली. बारीक अक्षरात लिहिलं होतं की विधेयक मांडायला अनुमती मिळावी असा प्रस्ताव आला, तो मतास टाकला आणि संमत झाला. म्हणजे संमत झाली ती मांडायची परवानगी! विधेयक तेवढ्यात जन्माला आलं होतं आणि ॲपनं त्याचं लग्न लावून टाकलं होतं. मी ॲपवाल्यांना त्या पानाचा फोटो पाठवला. पट्टी नवव्या दिवशी दुरुस्त झाली, पण 'चूक झाली' असा उलटा मेसेज कुणालाच गेला नाही. मामा अजून त्या सहा चहांची आठवण काढतात.

दुसरी भानगड नावांची. सभागृहात पाटील किती असतात हे कोल्हापूरकराला सांगायला नको. मार्चमध्ये दोन पाटलांची खाती एकात मिसळली होती आणि एका सदस्याच्या नावावर भलत्याच जिल्ह्यातल्या धरणाचे प्रश्न दिसत होते. ते मात्र कळवल्यावर दोन दिवसांत सुटलं. स्कॅन केलेल्या पानांतला मजकूर शोधता येत नाही, ही तक्रार अजून तशीच आहे.

ॲपवर एक क्रमवारीही आहे, कुणी किती मांडलं याची. ती मी बघायचं सोडून दिलंय. जिल्ह्यात दहा मतदारसंघ, त्यात कागल आणि राधानगरीचे आमदार मंत्री आहेत. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो, आणि अशासकीय विधेयक तर मांडूच शकत नाही. तरी ॲपवर त्यांच्यापुढं भोपळा. निवडणुकीच्या दिवसांत असा भोपळा फोटो काढून फिरवला की झालं काम. तिथं 'मंत्री' एवढा एक शब्द लिहायला काय जातंय?

एक गोष्ट मात्र या ॲपनं फार चांगली दाखवली, ती म्हणजे नक्षली संघटनांच्या बंदोबस्तासाठी आणलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकाचा सगळा प्रवास. ते शासकीय होतं, तरी मी मुद्दाम 'लक्ष ठेवा'मध्ये टाकलेलं. जुलै २०२४ ला मांडलं, पुढं विधानसभाच विसर्जित झाली आणि सभागृहात पडून असलेली विधेयकं त्याबरोबर संपली. डिसेंबर २०२४ ला नागपुरात पुन्हा मांडलं, संयुक्त समितीकडं गेलं, १० जुलै २०२५ ला विधानसभेत संमत आणि दुसऱ्याच दिवशी परिषदेत. पहिला ठिपका लाल झालेला, खाली नवीन पट्टी. अधिवेशन संपलं म्हणून विधेयक मरत नाही, सभागृह विसर्जित झालं की मरतं, हे त्या दोन पट्ट्यांनी मला एका नजरेत शिकवलं. तसंच महिला-बालकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा सांगणाऱ्या शक्ती विधेयकाचं. डिसेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहांत संमत, पुढचा ठिपका राष्ट्रपतींच्या संमतीचा, आणि तो हिरवा झालाच नाही.

पण खरा धडा ॲप गप्प राहिलं तेव्हा मिळाला. १७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापुरातल्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी किती वर्षं आंदोलनं केली, त्यातली कितीतरी निवेदनं याच दुकानातल्या कळफलकावर बडवलेली आहेत. शहरात फटाके, आणि ॲपवर एक ओळ नाही! आधी वाटलं परत बंद पडलं. मग एका ज्युनिअर वकीलबाईंनी समजावलं, "दादा, याला विधेयक लागलंच नाही. राज्य पुनर्रचना कायदा १९५६, कलम ५१, पोटकलम ३. राज्यपालांच्या मान्यतेनं मुख्य न्यायमूर्तींनी काढलेला आदेश." मग मी मागच्या सहा महिन्यांच्या निवेदनांच्या फायली काढून बसलो. शहराची हद्दवाढ: महापालिका १९७२ ला झाली, तेव्हापासून हद्द जिथल्या तिथं, पण ती वाढवायची तर महापालिका अधिनियमाच्या कलम ३ खाली अधिसूचना लागते. नागपूर-गोव्याचा शक्तिपीठ महामार्ग: तिथंही भांडण भूसंपादनाच्या अधिसूचनांशी. म्हणजे आमची माणसं ज्यासाठी उन्हात उभी राहतात, त्यातलं जवळपास काहीच विधेयकाच्या पट्टीवर येत नाही. ते येतं तारांकित प्रश्नात (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो), नियम १०५ च्या लक्षवेधीत, अर्धा तास चर्चेत, आणि मंत्र्यानं सभागृहात दिलेल्या आश्वासनात.

म्हणून ऑगस्टपासून मी विधेयकांचा कप्पा आठवड्यातून एकदा बघतो आणि प्रश्नांचा रोज. प्रश्नांचा कप्पा आत दडवून ठेवलाय, तीनदा बोट दाबावं लागतं, पण माल तिथं आहे. एका गावच्या पाणंद रस्त्याचं मी टाइप केलेलं निवेदन होतं. त्यातलं एक वाक्य, 'ऊस तोडून डोक्यावर वाहावा लागतो', जसंच्या तसं प्रश्नात आलेलं बघितलं तेव्हा दुकानात एकटाच होतो. तरी उभा राहिलो. रस्ता व्हायचाय अजून, उत्तरात 'कार्यवाही सुरू आहे' आहे.

आणखी एक सवय लागली. कुठलंही विधेयक उघडलं की आधी शेवटच्या पानावर जातो. तिथं 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं. म्हणजे आमदारसुद्धा शेवटी निवेदनच देतो, फक्त झेरॉक्स दुसरीकडं निघते. त्याच्या आसपास आर्थिक ज्ञापन, म्हणजे खर्चाचा हिशेब, असतं. तिजोरीतून खर्च लागणार असेल तर राज्यपालांची शिफारस असल्याशिवाय ते संमत होत नाही. ॲपला याची वेगळी खूण करता आली असती, केलेली नाही.

पाचपैकी सव्वातीन तारे. फेब्रुवारीत वर्गणी परत भरणार, पण 'संमत'चा मेसेज आला की चहा सांगायच्या आधी असुधारित प्रत उघडणार.

परवा मामा आले होते. "हद्दवाढीचं विधेयक तातडीनं मांडावं, असं लिही." मी 'विधेयक' खोडून 'अधिसूचना काढण्यासाठी तारांकित प्रश्न विचारावा' असं टाइप केलं. मामांनी कागद लांब धरून दोनदा वाचला.

"हे जरा कमजोर वाटतंय रे."

"मामा, हे पोचतंय."

"मग वर 'तातडीनं' तरी ठेव."

ठेवलं. तीन प्रती, तीस रुपये.