माझ्याच मताने माझा लेख बुडवला

मे २०१८ मधल्या एका शनिवारी दुपारी स्टीम या क्रिप्टो साखळीवरच्या (ब्लॉकचेनवरच्या) माझ्या लेखाखाली ६ डॉलर ४० सेंट दिसत होते. चहा टाकून परत येईस्तोवर तिथे शून्य होतं. अक्षरं फिकी पडली होती आणि कमी मानांकनामुळे मजकूर लपवला आहे, अशी ओळ वर आली होती. ज्या खात्याने हे केलं, त्याच्या मताच्या ताकदीत १८० स्टीम, म्हणजे तिथली नाणी, माझे होते. मीच दिले होते, हौसेने, स्वतःच्या किल्लीने, म्हणजे खात्याच्या गुप्त पासवर्डने.

मी साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत हिशेब बघते. जामीनदाराला 'सही करण्याआधी वाचा हो' असं दिवसातून चार वेळा सांगणारी बाई मी. म्हणून तर हे लिहायला इतकी वर्षं लागली.

स्टीम २०१६ मध्ये सुरू झालं. लेख लिहा, लोक मत देतील, सात दिवसांनी मतांच्या हिशेबाने पैसे मिळतील, अशी कल्पना. पैसे कुठून? साखळीवर रोज नवी नाणी तयार होतात, तेव्हा त्यातला ७५ टक्के वाटा एका भांड्यात पडायचा आणि लिहिणारे व मत देणारे तो वाटून घ्यायचे. भांडं ठरावीक मापाचं. मला जास्त मिळालं की तुम्हाला कमी. मत देणाऱ्याच्या खिशातून काहीच जात नाही, जातं ते सगळ्यांचं. हे मला तेव्हा नीट उमगलं नव्हतं. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसा म्हणतात ना, तसा प्रकार.

आणि मत म्हणजे माणशी एक नव्हे. जेवढी नाणी 'पॉवर अप' करून अडकवून ठेवाल तेवढं मताचं वजन. आमच्याकडे सहकार कायदा १९६० चा. शेअर शंभराचा असो नाहीतर लाखाचा, सभासदाला मत एकच, आणि तेही स्वतः हजर राहून द्यायचं, दुसऱ्याच्या हाती पाठवायचं नाही. वार्षिक सभेत हा नियम मी स्वतः वाचून दाखवलेला आहे. तरी स्टीमवर गेल्यावर मला प्रश्न पडला नाही. नवं काहीतरी आहे, तिथले नियम नवेच असणार, एवढंच वाटलं.

जानेवारी २०१८ मध्ये मुदत ठेवीतले ६२ हजार मोडून मी साधारण १९० स्टीम घेतले. महिन्याच्या सुरुवातीला भाव आठ डॉलरच्या आसपास जाऊन आला होता. मला पाचाला मिळाले तेव्हा स्वस्तात पडले असंच वाटलं. सज्जनगड, अजिंक्यतारा, कासचं पठार, फोटो काढून मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहू लागले. लेखाला तीस सेंट, चाळीस सेंट. शेजारी मात्र कुणी जेवणाच्या ताटाचा फोटो टाकायचा आणि त्याला दीडशे डॉलर.

तिथल्या एकाने सांगितलं, बिड बॉट वापरा. म्हणजे आपोआप मत देणाऱ्या खात्याकडून मत भाड्याने घ्या. बॉटच्या खात्यात पैसे पाठवायचे, सोबतच्या टिपणात लेखाची लिंक टाकायची. बॉट दर दोन तास चोवीस मिनिटांनी एक पूर्ण मत टाकायचा आणि त्या फेरीत पैसे पाठवणाऱ्यांत ते मत प्रमाणात वाटून द्यायचा. पूर्ण मताला २ टक्के ताकद खर्च होते आणि दिवसाला २० टक्के भरून येते, म्हणून दिवसाला दहा मतं. मी १० एसबीडी पाठवले; एसबीडी म्हणजे स्टीमवरचंच दुसरं नाणं, डॉलरच्या भावाचं म्हणून काढलेलं. लेखाखाली १२ डॉलर झळकले आणि मी नवऱ्याला बोलावून दाखवले. सात दिवसांनी हिशेब असा लागला: २५ टक्के मत देणाऱ्याचे, म्हणजे बॉटचेच. उरले ९. त्यातले निम्मे एसबीडीत, निम्मे अडकलेल्या स्टीम पॉवरमध्ये. हातात साडेचार एसबीडी. गेले दहा, आले साडेचार, आणि वर एसबीडीचा बाजारभाव त्या महिन्यात डॉलरच्या बराच वर होता. रोकडवहीत असं कुणी दाखवलं असतं तर मी पान फाडलं असतं. इथे मी आणखी तीनदा पाठवले, कारण १२ हा आकडा लेखाखाली सगळ्यांना दिसतो आणि साडेचार फक्त मला.

मार्चमध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवरच्या एका भारतीय गटात गेले. गट चालवणारा मराठीच, आवाजावरून तिशीतला. त्याचं नाव, खात्याचं नाव इथे लिहीत नाही. बोलायला फार गोड. "ताई, बॉटला पैसे घालू नका, ते लुटारू आहेत. आपण छोटे लोक आपली ताकद एकत्र करू. तुम्ही फक्त डेलिगेट करा, बाकी माझ्यावर सोडा." योजना भिशीसारखी वाटली. प्रत्येकाने आपली स्टीम पॉवर त्याच्या एका खात्याला उसनी द्यायची; नाणी आपल्याच नावावर राहतात, फक्त मताचं वजन त्याच्याकडे जातं. मग ते मोठं खातं रोज प्रत्येक सभासदाच्या एका लेखाला मत देणार. "नाणी तुमचीच आहेत ताई, कधीही परत घ्या." हे खरंच होतं. म्हणूनच तर पटलं.

शिवाय त्याने पोस्टिंगची, म्हणजे माझ्या खात्यातून मत देण्याची परवानगी मागितली, "तुमचं उरलेलं मतही गटाच्या लेखांना आपोआप जाईल." तीही दिली.

तीन आठवडे रोज मत आलं. चौथ्या आठवड्यात एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, तेही एक टक्क्याचं. विचारलं तर म्हणाला, "ताई, सभासद वाढलेत ना." हे उत्तर मला पटलं नाही. सभासद वाढले तर ताकदही वाढायला हवी. ठेवी वाढल्या म्हणून व्याज द्यायला पैसे नाहीत असं कुठली पतसंस्था सांगते? सांगते ती बुडायच्या आधी.

साखळीवर सगळं उघडं असतं, कोण कुणाला कधी किती टक्के मत देतं ते कुणालाही वाचता येतं. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, बघितलं मात्र एप्रिलच्या शेवटच्या रविवारी. त्या खात्याची एका आठवड्याची सगळी मतं एक्सेलमध्ये उतरवली. सभासदांना एक टक्का, दीड टक्का. आणि पाच खात्यांना शंभर टक्के, रोज, न चुकता. ती पाचही खाती एकाच आठवड्यात उघडलेली. लेख म्हणजे कुठून तरी उचललेला एक फोटो आणि खाली "शुभ सकाळ". मत यायचं ते सहा दिवस उलटून गेल्यावर, म्हणजे पैसे पडायच्या अगदी तोंडावर, कुणाच्या नजरेस येऊ नये म्हणून. पाचही खात्यांतून मिळालेले पैसे एकाच सहाव्या खात्यात जात होते आणि तिथून एक्स्चेंजला, म्हणजे नाणी विकायच्या बाजारात. माझ्या स्वतःच्या खात्याची मतं काढली तर त्यात पहाटे तीनची मतं, त्याच पाच खात्यांना. मी झोपलेली आणि माझं खातं जागं.

हे एक्सेल मी लेख म्हणून टाकलं. शिवीगाळ नाही, फक्त तक्ता. सुरुवातीला बऱ्याच जणांनी उचलून धरलं, म्हणून ते ६ डॉलर ४० सेंट. मग त्या गट चालवणाऱ्याने गटाच्या खात्यातून शंभर टक्क्यांचं डाउनवोट, म्हणजे उलटं मत मारलं. पुढचे नऊ दिवस माझा प्रत्येक लेख, प्रत्येक टिप्पणी, अगदी कुणाला "धन्यवाद" म्हटलं तरी ते शून्यावर. माझं मानांकन ५२ वरून घसरत गेलं. डिस्कॉर्डवरून काढून टाकलं. गटातल्या एका मुलीचा निरोप आला, "ताई तुमचं सगळं बरोबर आहे, पण मी मत दिलं तर उद्या मला पण मारतील." तिचं मी मनावर घेतलं नाही. तेव्हा डाउनवोटलाही तीच ताकद खर्च व्हायची, म्हणजे लहानाने मोठ्याला अडवायचं तर स्वतःची मिळकत सोडून. कोण करणार?

तक्रार कुठे करायची? दोन विटनेसना लिहिलं. विटनेस म्हणजे साखळी चालवणारे निवडून आलेले लोक. एकाने उत्तर दिलं नाही. दुसऱ्याने सभ्यपणे कळवलं की डेलिगेशन तुम्ही स्वतः केलं आहे, आणि ज्याच्याकडे ताकद आहे त्याने ती कशी वापरावी हे कुणी ठरवू शकत नाही. नियमाने बरोबर होतं. बळी तो कान पिळी, हा नियम लेखी असला म्हणून काय फरक पडतो?

परवानगी त्याच दुपारी काढून घेतली. डेलिगेशन मात्र दोन-तीन दिवस भांडणाच्या भरात तसंच राहिलं, म्हणजे तेवढे दिवस माझ्या १८० स्टीमनेच माझे लेख बुडत होते. काढल्यावर ताकद त्याच्याकडून लगेच गेली, पण माझ्याकडे यायला सात दिवस. मधले दिवस ती कुणाचीच नाही. "कधीही परत घ्या" मधली ही बारीक अक्षरं. नाणी विकायची तर 'पॉवर डाउन', म्हणजे अडकवलेली नाणी सोडवणं; तेव्हा त्याला तेरा आठवडे, दर आठवड्याला तेरावा हिस्सा. जूनमध्ये सुरू केलं. भाव एकूण खालीच चालला होता. त्यात ६ एप्रिलला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलेलं, तीन महिन्यांत बँकांनी क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार थांबवायचे. जुलैनंतर रुपये काढायचे तर ओळखीपाळखीत गिऱ्हाईक शोधा. ६२ हजारांचे हातात आले १३ हजार ८००. भाव पडला त्यात त्या माणसाचा हात नाही, हे मान्य करते. त्याने खाल्लं ते माझ्या मताचं पीक. पण त्या लोभात अडकले नसते तर एप्रिलमध्येच बाहेर पडले असते, हेही खरं.

तुम्हाला कुणी असं मागितलं तर त्या खात्याची मागच्या आठवड्याची मतं आधी उतरवून काढा. अर्धा तास लागतो. कुणाला किती टक्के, सातव्या दिवसाच्या तोंडावर किती, आणि पैसे पुढे कुठे जातात. मी हे करायला दीड महिना घेतला, आणि रोज हेच काम करून पगार घेते.

ऑगस्ट २०१९ मध्ये स्टीमने नियम बदलले. लेखक आणि मतदार यांना निम्मं-निम्मं, आणि डाउनवोटला काही ताकद वेगळी, फुकट. मत विकण्याचा धंदा त्याने बराच बसला. तोवर माझं खातं जवळपास रिकामं होतं. पण माझ्या बाबतीत जे झालं तेच मी मार्च २०२० मध्ये फार मोठ्या मापात पाहिलं. ट्रॉन या दुसऱ्या क्रिप्टो साखळीवाल्या जस्टिन सन यांनी स्टीम उभी करणारी स्टीमिट कंपनी घेतली होती. कंपनीकडे सुरुवातीपासूनचा नाण्यांचा मोठा साठा होता, तो मतदानात वापरला जाईल या भीतीने विटनेसनी गोठवला. मग २ मार्चला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या एक्स्चेंजांनी ग्राहकांनी ठेवलेली स्टीम पॉवर अप केली आणि तिच्या मतांवर वरचे वीसच्या वीस विटनेस बदलले गेले. ठेवीदारांना विचारलं नव्हतं. बायनान्स आणि हुओबी यांनी नंतर मतं मागे घेतली, पण ती तोंड पोळल्यावर. २० मार्चला बरीच मंडळी वेगळी होऊन हाइव्ह नावाची साखळी घेऊन बाहेर पडली.

त्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, दुपारी भांडी घासत होते तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर, व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक निरोप. हाइव्हवर सगळं स्वच्छ आहे, लोकांचं राज्य आहे, आपण छोटे लोक ताकद एकत्र करतोय. शेवटी लिहिलं होतं, "नाणी तुमचीच राहतील ताई, कधीही परत घ्या."

ओले हात पदराला पुसून मी ते दोनदा वाचलं. माझ्या खात्यात तेव्हा तीन हाइव्ह होते.