डस्टर डिझेलचा टायमिंग बेल्ट: कंपनीत की बाहेर?

डस्टर, टेरानो, लॉजी, डिझेल सनी, डिझेल मायक्रा आणि त्यांच्याआधीची लोगन-व्हेरिटो. नावं वेगळी, पण बॉनेटखाली सगळ्यांच्या तेच रेनोचं दीड लिटरचं के९के डिझेल इंजिन. त्यामुळे यातल्या कुठल्याही गाडीच्या मालकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतो: टायमिंग बेल्ट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बदलायचा की बाहेरच्या गॅरेजमध्ये? हा दातेरी पट्टा क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एका तालात ठेवतो. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाचं हेड उतरवावं लागतं, हे इथवर आलेल्याला सांगायला नको. कुठे बदलायचा आणि काय-काय बदलायचं, एवढंच बोलू.

माझी डस्टर ८५ पीएसची, २०१३ची, राहणं पुण्यात. बेल्ट दोनदा बदललाय. खरं तर तीनदा, पण मधली खेप हिशेबात धरायला जीवावर येतं.

पहिली खेप २०१८ची, ७८,००० किलोमीटरवर, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये. बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) मिळून बिल १४,८०० रुपये. कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाचं मी विचारलं होतं. या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, म्हणजे पंप काढायचा तर आधी बेल्ट काढावाच लागतो. काउंटरवरचा सर्व्हिस अॅडव्हायजर म्हणाला, "सर, पंप लीक नाहीये, उगाच तीन हजार कशाला घालवता?" मला ते प्रामाणिक वाटलं. आजही वाटतं, त्याने मला फसवलं नाही. त्याने पंप पाहिलाच नव्हता, एवढंच.

२०१९च्या शेवटी कूलंटची बाटली दर पंधरा दिवसांनी बोटभर खाली जायला लागली. रबरी पाइप, रेडिएटर, सगळं तपासून झालं आणि शेवटी पंपाशी येऊन थांबलं. कूलंट बेल्टवर ठिबकलेलं, म्हणून १८,००० किलोमीटर चाललेला बेल्टही गेला. इंजिन माउंट सोडा, खालून जॅक लावा, कव्हर उघडा, सगळं पहिल्यापासून. नवीन जॉब कार्ड, नवीन लेबर, १३,६०० रुपये. वाचवले होते सुमारे तीन हजार.

पैशाचं दुःख ओसरलं. राहून गेली ती दुसरीच गोष्ट. सर्व्हिस सेंटरला जो बोलतो तो उघडत नाही, आणि जो उघडतो तो बोलत नाही. मधे काच असते. तुम्ही अलीकडे सोफ्यावर, कॉफीच्या मशीनशेजारी. टायमिंगच्या कामातले खरे निर्णय कव्हर उघडल्यावरच घ्यावे लागतात: पंपाचा आवाज, टेन्शनर हाताने फिरवल्यावर लागणारी खरखर, ऑइल सीलला सुटलेला घाम. त्या वेळी तुम्हाला एक फोन येतो, "सर, अॅप्रूव्हल?" कशाला अॅप्रूव्हल द्यायचं ते दिसत नाही. जुने पार्ट मागितले तर "स्क्रॅपमध्ये गेले, सर." सगळीकडे असंच असतं असं मी म्हणणार नाही, काही ठिकाणी आत जाऊ देतात म्हणे. माझ्या वाट्याला काच आली.

म्हणून २०२४ला, १,६८,००० किलोमीटरवर, आधी दोन्हीकडे एस्टिमेट घेतलं. सर्व्हिस सेंटरने पंप आणि अल्टरनेटरच्या बेल्टसकट २६,४०० सांगितले. यात एक गोष्ट लक्षात ठेवायची: तेव्हा बहुतेक सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५पासून तो १८ झालाय. जुनी बिलं समोर ठेवून आजच्या एस्टिमेटशी तुलना कराल तर हा फरक धरा.

बाहेरचं गॅरेज एका टॅक्सीवाल्याने सुचवलं. व्हेरिटो टॅक्सीत भरपूर चालली, त्यामुळे हे इंजिन बाहेरच्या मेस्त्रींना परकं नाही. मी एकच प्रश्न विचारला, "पिना आहेत का?" कॅम आणि क्रँक जागच्या जागी अडवून ठेवायला या इंजिनाला दोन लॉकिंग पिना लागतात. काही जण जुन्या बेल्टवर आणि पुलीवर व्हाइटनरने खुणा करून काम उरकतात. चालतंही बऱ्याचदा. पण आधीचं सेटिंग एक दात चुकलेलं असेल तर तीच चूक तुम्ही इमानेइतबारे पुढे नेता. मेस्त्रींनी ड्रॉवरमधून फडक्यात गुंडाळलेल्या दोन पिना काढून दाखवल्या आणि माझं मन तिथेच झुकलं.

किटचं, म्हणजे बेल्ट-टेन्शनरच्या संचाचं, काय? कंपनीच्या डब्यात जे येतं ते बनवणारे बहुधा गेट्स, कॉन्टिटेक, आयएनए असेच असतात, आणि तेच लोक स्वतःच्या नावानेही विकतात. त्यामुळे डब्याच्या रंगासाठी जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. भीती आहे ती डुप्लिकेटची. नाना पेठेत एका दुकानात खिळ्याला टांगलेला, डब्याविना बेल्ट मला नऊशे रुपयांत दाखवला होता. दुकानदाराने तो मुठीत चुरगाळून "बघा किती मऊ आहे" म्हटलं. टायमिंग बेल्ट असा मुडपायचा नसतो, आतले धागे दुखावतात. मी नमस्कार करून निघालो.

किट ऑनलाइन मागवलं असतं तर हजार-बाराशे रुपये वाचले असते. मी मोह टाळला आणि पंपासकटचं अमुक कंपनीचं किट, असं सांगून मेस्त्रींनाच आणायला लावलं. पार्ट तुम्ही नेलात की उद्या काही झाल्यास "पार्ट तुमचा होता" हे वाक्य ठरलेलं, आणि ते चूकही नाही. पार्ट आणि हात एकाचेच असले की भांडायला एकच माणूस उरतो.

बिल असं झालं: पंपासकट किट ८,३००, अल्टरनेटरचा बेल्ट आणि त्याचा टेन्शनर ३,१००, क्रँकचा नवा बोल्ट, ऑइल सील आणि कूलंट मिळून १,८००, मजुरी ४,०००. एकूण १७,२००. ऑइल सील एस्टिमेटमध्ये नव्हता. मेस्त्रींनी हाक मारली, "साहेब, इकडे या, बोट लावून बघा." कॅमच्या सीलखाली तेलाची ओल होती. काही शंभर रुपयांचा सील, हो म्हणायला एक मिनिट लागलं. काचेच्या पलीकडे हे मला कळलंही नसतं. पिना काढून इंजिन पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं, पिना पुन्हा बसतात का ते पाहिलं, मगच सेल मारला. इंजिन गार असतानाच काम करायचं म्हणून गाडी आदल्या रात्रीच ठेवून घेतली होती.

कंपनीकडे काहीच नाही असं नाही. गाडी वर्षभरात विकायची असेल तर तिथल्या सर्व्हिस हिस्टरीला गिऱ्हाईक मान देतं. तुमच्या गावात पिनावाला मेस्त्री नसेल तरी सरळ तिकडेच जा, व्हाइटनरपेक्षा काच परवडली. वॉरंटीचा मुद्दा मात्र आता फारसा उरला नाही, डिझेल डस्टर एप्रिल २०२०मध्येच बंद झाली.

जिथे कराल तिथे "बेल्ट बघितला, चांगला आहे" यावर विसंबू नका. हल्लीचे बेल्ट जुन्यासारखे भेगा दाखवून इशारा देत नाहीत, वरून नव्यासारखा दिसणाराही संपत आलेला असू शकतो. शिवाय हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीचं इंजिन फिरत राहतं, ते किलोमीटरमध्ये मोजलं जात नाही. मी मॅन्युअलच्या आकड्याच्या थोडं आधीच बदलतो. आणि अल्टरनेटरचा बेल्ट त्याच दिवशी बदला. तो फाटला तर त्याचे धागे क्रँक पुलीच्या मागून टायमिंग कव्हरमध्ये ओढले जातात आणि नवाकोरा टायमिंग बेल्टही उडतो. माझा जुना काढला तेव्हा कडेने सुटलेला एक धागा लोंबत होता. तो बेल्ट मेस्त्रींनी पिशवीत घालून दिला, अजून डिकीत आहे.