सीएसमध्ये (कॉम्प्युटर सायन्समध्ये) मास्टर्स करू की नोकरीला लागू?

आधी तीन वर्षं नोकरी केली, मग मास्टर्स, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात म्हणून सांगतो. नुसतं चांगला प्रोग्रॅमर व्हायचं असेल तर मास्टर्सची गरज नाही. नोकरीत दोन वर्षांत हाताला जे वळण लागतं ते वर्गात बसून लागत नाही. दुसऱ्याचा जुना कोड वाचायचा, रिव्ह्यूमध्ये आपलं चुकलंय हे ऐकून घ्यायचं, टेस्टिंगमध्ये एकदाही न दिसलेला बग लाइव्ह गेल्यावर शोधायचा. माझा एक बग असाच होता, दोन थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे दोन भाग, एकाच काउंटरला एकदम हात लावायचे, दोघांनी 41 वाचला, दोघांनी 42 लिहिला आणि एक नोंद गायब! चार दिवस लॉग चाळत होतो. याला रेस कंडिशन म्हणतात, तिच्यावर परीक्षेत मार्क मिळवले होते, पण ती खरी कळली तेव्हा.

पण नोकरीत लॉक लावला, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला काउंटरला हात लावू दिला, बग गेला की लगेच पुढचं तिकीट, म्हणजे पुढचं काम. मास्टर्सला त्याच काउंटरवर अख्खी टर्म गेली, लॉक न लावता हे बरोबर चालेल का आणि चालतंय हे सिद्ध कसं करायचं. एवढा वेळ आणि चुकलेला प्रश्न परत नीट विचारायला लावणारा गाइड, हे मला नोकरीत कधी मिळालं नाही. क्लँग, रस्ट, स्विफ्ट यांचे कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत नेणारे प्रोग्रॅम) ज्याच्यावर उभे आहेत त्या एलएलव्हीएमचं डिझाइन ख्रिस लॅटनरच्या 2002 च्या मास्टर्स थीसिसमध्ये आहे, यावरून समजा मास्टर्समध्ये काय होऊ शकतं. आता याच्या उलट लिनस टॉरवाल्ड्स, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम 1991 मध्ये सुरू केली आणि त्यावरचा मास्टर्स थीसिस पार 1997 मध्ये, म्हणजे काम आधी, डिग्री मागून.

मास्टर्समध्येही फरक आहे हं. थीसिसवालं असेल आणि गाइड वेळ देणारा असेल तर माझं मत करा असंच आहे. फक्त कोर्सवर्कवालं असेल तर जरा थांबा, कारण एमआयटीच्या डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सची (अनेक मशीन मिळून एक काम कसं करतात त्या विषयाची) लेक्चर्स आणि लॅब्जसुद्धा नेटवर फुकट आहेत, मग पैसे कशाचे देताय तर डेडलाइन, मार्क आणि शिक्क्याचे. गणित, फिजिक्स वगैरेकडून येणाऱ्यांना मात्र कोर्सवर्कचा खरंच फायदा होतो, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क्स सगळं क्रमाने पदरात पडतं, एकट्याने करताना नेमकं जे अवघड वाटतं तेच करायचं राहून जातं.

खर्च मोजताना फक्त फी बघू नका, बुडणारा पगार पण धरा. आणि कर्ज काढलंत तर नंतर कुठली नोकरी घ्यायची हे बरंचसं तो हप्ताच ठरवतो, रिसर्चची आवड बाजूला राहते, हे मी जवळून बघितलंय.

मधला रस्ता म्हणजे नोकरी सांभाळून ऑनलाइन. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाचं ऑनलाइन मास्टर्स 2014 पासून चालू आहे, दहा कोर्स, जमेल तसे करायचे. पगार चालू राहतो पण शनिवार-रविवार जातात, आणि गाइडच्या शेजारी बसून पेपरवर वाद घालणं तिथे कमीच.

अर्ज भरायच्या आधी एक करा, ज्या विषयात जायचंय त्यातला एखादा पेपर घ्या आणि त्यातला एक ग्राफ आपल्या मशीनवर काढून बघा. माझा पहिला ग्राफ पेपरच्या बरोबर उलटा आला होता, का आला ते शोधण्यात तीन रविवार गेले, तरी चौथ्या रविवारी परत बसलोच, आणि अर्ज मी त्यानंतर भरला.