नकाशातले 12 फूट: दीड वर्ष राहिल्यावर

गेल्या आठवड्यात आई जिन्याच्या अगदी वरच्या पायरीला अडखळली. हातात वाळलेल्या कपड्यांचा ढीग, पण कठडा सापडला म्हणून निभावलं. त्याच पायरीला मी स्वतः दोनदा ठेचकाळलो होतो आणि दोन्ही वेळा आपलंच लक्ष नव्हतं असं धरून चाललो होतो. या वेळी टेप काढली. पहिली पायरी साडेचार इंच, मधल्या 22 पायऱ्या सहा-सहा इंच आणि शेवटची साडेसात!

छताच्या उंचीबद्दल लिहायचं म्हणून बसलो आणि सुरुवात जिन्यापासून करतोय, कारण आमच्या घरात उंचीचा हिशेब तिथेच चुकला.

खालचा मजला 12 फूट हवा हा हट्ट माझा. नकाशात 12 वाचलं आणि समाधान झालं. तो आकडा खालच्या स्लॅबच्या माथ्यापासून वरच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंतचा असतो, हे घर उभं राहिल्यावर कळलं. 5 इंच स्लॅबमध्ये गेले, 3 इंच फरशी आणि तिच्याखालच्या मालात. राहिले 11 फूट 4 इंच, बीमखाली साडेदहाच. त्यामुळे नकाशा बघताना एकच विचारा: फरशीपासून छताच्या गिलाव्यापर्यंत मोकळे किती?

पहिल्या उन्हाळ्यात मी या उंचीवर फार चिडलो होतो. उंच छत म्हणजे गार घर असं ऐकून होतो. आमच्या खिडक्या 7 फुटांवर संपतात, त्यावर चार फुटांहून जास्त भिंत बंद. रात्री दहाला बल्ब बदलायला शिडीवर चढलो तर डोक्याला स्पष्ट धग लागली, खाली पाय मात्र ठीक. गरम हवा वर गेली होती, पण बाहेर पडायला वाट कुठे होती? पंख्याबरोबर आलेली दांडी फूटभराची, म्हणजे पाती जवळपास 10 फुटांवर. पंखा फिरताना दिसायचा, वारा अंगाला लागायचा नाही.

मग समोरासमोरच्या भिंतींत छताखाली वीतभर अंतरावर दोन झरोके फोडून घेतले आणि पंख्याला 3 फुटांची दांडी लावली. पाती आता साधारण 8 फुटांवर आहेत. (7 फुटांच्या खाली आणू नका, हात वर केला तर लागेल.) तेव्हापासून उंचीबद्दलचं माझं मत बदललं. संध्याकाळी झरोके उघडले की तासाभरात हॉलमधली कोंदट हवा निघून जाते. टाळी वाजवली की घुमायचं, तेही जाड पडदे आणि सतरंजी आल्यावर थांबलं.

तरीही पुन्हा बांधलं तर इतकी उंची ठेवणार नाही. पैसे संपत आले म्हणून वरच्या मजल्याला मोकळे 9 फूट 4 इंचच ठेवले होते. गच्चीला पांढरा रंग दिल्यापासून ती खोली हॉलइतकीच सुखाची आहे. उन्हात तापतो तो गच्चीचा स्लॅब, आणि रात्री उशिरापर्यंत तोच आत उष्णता सोडत राहतो. त्याला आधी आवरा, मग फूट वाढवा. आमचा हॉल 14 बाय 16 आहे. 10 फुटांच्या वरच्या या 16 इंचांनी 80 चौरस फूट भिंत वाढली, तिचा गिलावा आणि रंग आलाच. एसीला थंड करायची हवाही तेवढ्याच प्रमाणात वाढली.

आणि जिना. मोकळे 10 फूट ठेवले असते तर 21 पायऱ्यांत भागलं असतं, आमच्या 24 आहेत. तीन पायऱ्या म्हणजे 10 इंच रुंदीच्या हिशेबाने अडीच फूट लांबी. आईच्या खोलीतलं कपाट त्या अडीच फुटांपायी गेलं. गुडघे दुखत असताना ती दिवसातून सात-आठ वेळा वर-खाली करते, तिला प्रत्येक पायरी मोजावी लागते.

वाकड्या पायरीचं कारण साधं आहे. काँक्रीटच्या पायऱ्या बरोबर सहा-सहा इंचांच्या ओतल्या होत्या. नंतर दोन्ही मजल्यांवर फरशी धरून 3 इंच चढले आणि पायऱ्यांवर ग्रॅनाइट धरून दीडच. खाली दीड इंच कमी झाला, वर दीड इंच वाढला. ठेकेदाराला टेप लावून दाखवलं तर म्हणाला, "सवय होईल." सत्तरीच्या माणसाने पडायची सवय करायची का? पाय पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत उंची शिकतो आणि पुढे न बघता तीच धरून चालतो. म्हणून सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात.

उपाय आहे, पण सगळ्या 23 पायऱ्यांवर (चोविसावी म्हणजे वरच्या मजल्याची फरशीच) दीड इंच चढवावा लागेल, तेव्हा पहिली आणि शेवटची दोन्ही सहा इंचांची होतील. अर्ध्या खर्चाला ठेकेदार काल कसाबसा तयार झाला. मी पूर्ण मागतोय आणि सोडणार नाही. काम सुरू होईपर्यंत वरच्या कडेला जाड पिवळी पट्टी चिकटवली आहे आणि कपडे मीच वर नेतो.