टायरला भेगा पडल्या: क्लेम करावा, ट्यूब घालावी की नवा घ्यावा?

बोटीवर किंवा आखातात आठ-नऊ महिने काढून माणूस चतुर्थीला घरी येतो. पडवीबाहेर उभी असलेली बाईक बॅटरी बदलल्यावर चालू होते, टायरची नक्षीही शाबूत असते, पण टायरच्या बाजूवर भेगांचं बारीक जाळं पसरलेलं असतं. मग सल्ले सुरू होतात. शेजारी सांगतो, कंपनीकडे क्लेम कर. पंक्चरवाला म्हणतो, ‘ट्यूब घाल, कांय जावचें ना’ (काही होणार नाही). दुकानदार थेट नव्याचा दर सांगतो. कोणाचं ऐकायचं हे भेग कसली आहे त्यावर ठरतं, आणि ते ओळखायला पाच मिनिटं पुरतात.

म्हातारपण की जन्मदोष?

टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. एका बाजूला दिसले नाहीत तर दुसरी बाजू पाहा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर पाच-सहा वर्षांचा असेल आणि भेगा बारीक, सगळीकडे सारख्या पसरलेल्या असतील, तर ते वय आहे. रबरात ओझोनपासून बचाव करणारं मेण आणि रसायनं मिसळलेली असतात. चाक फिरताना रबर वाकतं आणि ती हळूहळू वर येत राहतात. उभ्या गाडीत हे घडत नाही. म्हणून रोज पेडणे ते पणजी धावणाऱ्या टायरपेक्षा अंगणात उन्हात उभा राहिलेला टायर लवकर तडकतो. त्यात हवा कमी असेल तर बाजू दबून राहते आणि भेगा तिथेच उघडतात. आपल्याकडे गोव्यात याचा सगळा दोष खाऱ्या हवेवर टाकतात. खारी हवा रिम गंजवते, मग रिमच्या कडेतून हवा सुटू लागते. पण रबर फाडतात ते ऊन, ओझोन आणि कमी हवा. चकाकीसाठी पेट्रोल किंवा डिझेलने टायर पुसणारे तर ते मेण हाताने काढून टाकत असतात.

दोष वेगळा दिसतो. टायर वर्ष-दोन वर्षांचा, हवा नीट ठेवलेली, आणि एकाच जागी फुगा आलेला. किंवा नक्षीचा पट्टा खालच्या थरापासून सुटू लागलेला. किंवा रिम सरळ असूनही बसवल्या दिवसापासून चाक उड्या मारतंय. फुग्याच्या बाबतीत मात्र सावध राहा. दगडावर किंवा खड्ड्याच्या धारेवर आपटूनही आतले धागे तुटतात आणि फुगा येतो. कंपनीचा माणूस आतून चेपल्याची खूण आधी शोधतो, आणि ती सापडली की विषय संपला.

क्लेम

टायर कंपन्यांची वॉरंटी उत्पादनातल्या दोषासाठी असते. पंक्चर, कट, आपटणं, हवा कमी ठेवून चालवणं यात येत नाही, आणि वयाच्या भेगाही सहसा बसत नाहीत. म्हणजे बोटीवरून आलेल्या आपल्या माणसाने क्लेममध्ये वेळ घालवू नये. नव्या टायरला फुगा आलेल्याने मात्र जरूर करावा.

दुसरा गैरसमज नव्या बाईकचा. टायर बाईकसोबत आला म्हणून लोक बाईकच्या शोरूमशी भांडत बसतात. बाईकच्या वॉरंटीत टायर सहसा नसतो, त्याची हमी टायर बनवणारी कंपनी स्वतंत्रपणे देते. तेव्हा टायरवर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्या अधिकृत विक्रेत्याकडे जा. आणि हो, एमआरएफचा कारखाना उसगावला आहे म्हणून गेटवर टायर घेऊन जाण्यात अर्थ नाही. क्लेम विक्रेत्यामार्फतच पुढे सरकतो.

हातात किती पडतं, हेही आधी समजून घ्या. फुकट नवा टायर क्वचितच मिळतो. बहुतेक कंपन्या उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात सूट देतात. समजा नव्या टायरची खाच ६ मिमी खोल होती, आता ४ मिमी उरली आहे, आणि वापराची मर्यादा ०.८ मिमी धरली. म्हणजे वापरण्याजोग्या ५.२ मिमीपैकी ३.२ शिल्लक, साधारण ६१-६२ टक्के. दोन हजारांच्या टायरवर बाराशेच्या आसपास सूट, बाकीचे तुमच्या खिशातून, आणि टायर त्याच कंपनीचा घ्यायचा. नेमकं सूत्र कंपनीगणिक बदलतं, पण आकडा कुठल्या घरातला असेल ते यावरून कळतं. हिशेबातली गंमत अशी की टायर जितका नवा, तितका क्लेम फायद्याचा. निम्म्याहून जास्त झिजलेल्या स्कूटरच्या टायरसाठी दुकानात चार फेऱ्या मारायच्या आणि तेवढे दिवस गाडी उभी ठेवायची, हे मला परवडणारं वाटत नाही.

करायचाच असेल तर फुगा दिसल्यावर टायरवर काहीही प्रयोग करू नका. ना आतून पॅच, ना दोरी (पंक्चरच्या भोकात खुपसतात ती चिकट पट्टी), ना ट्यूब. दुरुस्तीची खूण दिसली की नकाराला आयतं कारण मिळतं. बिल, तारखेचे चार आकडे, फुगा आणि पूर्ण चाक यांचे फोटो आधी काढून ठेवा. टायर देताना पोच घ्या आणि नकार आला तर तो कारणासह लेखी मागा. तोंडी ‘होत नाही’ यावर पुढे काही करता येत नाही. लेखी नकार पटला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. दीड हजारांच्या टायरसाठी कोणी आयोगात जाईलसं नाही, पण बुलेटचे दोन्ही टायर वर्षात फुगले तर गोष्ट वेगळी.

विम्याची आशा धरू नका. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसान धरत नाहीत. अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायर येतो, तोही निम्म्या किमतीपर्यंत.

ट्यूब, दोरी, रिमोल्ड

ट्यूबलेस टायर भेगांतून हवा सोडू लागला की आत ट्यूब घालतात. हवा थांबते, पण टायर तेवढाच कमकुवत राहतो. शिवाय ट्यूब फुटली तर हवा एका झटक्यात जाते, जिथे ट्यूबलेस बहुधा सावकाश बसला असता. चोर्ला घाटाच्या उतारावर, मागे माणूस बसलेला असताना हा फरक जिवावर येतो. ट्यूब म्हणजे घरापासून दुकानापर्यंत पोचायची सोय, एवढंच. दोरीचं पंक्चर नक्षीच्या भागातल्या खिळ्याच्या भोकाला ठीक. बाजूच्या भेगेला ते लागूच पडत नाही.

रिमोल्ड आणि सेकंडहँड टायरबद्दल एकच वाक्य: तडकलेल्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवली म्हणून सांगाडा नवा होत नाही, आणि दुसऱ्याने का काढला ते ठाऊक नसलेला टायर बाईकला घालू नये.

आहे तसाच चालवणं

याला सरसकट नाही म्हणवत नाही. नख अडकत नाही इतक्या वरवरच्या रेषा, टायर चार वर्षांच्या आतला, हवा धरून ठेवतोय, आणि गाडी गावातल्या गावात फिरते, तर हवा नीट ठेवून महिन्या-महिन्याला पाहत राहा. पण भेगेत धागे दिसले, नक्षीच्या खाचेच्या तळाशी भेग लांब धावली किंवा कुठेही फुगा आला, तर त्याच दिवशी गाडी उभी करा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांचा झाल्यावर नक्षी कितीही असली तरी काढावा, असं मिशलॅनसारख्या कंपन्या सांगतात. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मी दहाची वाट पाहणार नाही. सहा-सात बास.

यात पुढच्या टायरकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. मागचा टायर झिजून बदलला जातो. पुढच्याची नक्षी वर्षानुवर्षं टिकते, म्हणून तो तसाच राहतो आणि वयानेच तडकतो. दिवसभर भाडं मारणाऱ्या पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, गाडीला हा प्रश्न फारसा येत नाही, तिथे भेगा पडायच्या आधी टायर गुळगुळीत होतो. घरच्या गाडीचे दोन्ही तडकले असतील आणि पैसे एकाचेच असतील, तर आधी पुढचा बदला. पुढचं चाक अचानक बसलं की गाडी सावरणं फार कठीण.

नवा घेताना

वयाने तडकलेल्या टायरला माझं उत्तर हेच. स्कूटरचा टायर सहसा दोन हजारांच्या आत बसतो, आणि २२ सप्टेंबर २०२५पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे. दुकानात चार आकडे आधी वाचा. सवलतीतला टायर दोन वर्षं रॅकवर पडलेला निघाला तर सवलत कसली ते कळेल. आयएसआयचं चिन्ह पाहा, माप मूळचंच घ्या, आणि ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्हही नवा बसवून घ्या. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेनेच आहे ना, ते तुमच्यासमोर तपासा. पहिले शंभरेक किलोमीटर नवं रबर निसरडं असतं. पावसात बदललात तर वळणावर गाडी फार झुकवू नका.

जुना टायर दुकानातच सोडून या, घरामागे टाकलात तर पहिल्या पावसात डासांची पैदास सुरू. क्लेमची तक्रार चालू असेल तर मात्र तोच पुरावा. तेव्हा तो घरी आणून छपराखाली कोरड्या जागी टांगून ठेवा.