बिनलेबलाची पांढरी डबी

लेक तान्ही होती तेव्हापासून तिला इसब आहे. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणीत. परीक्षा जवळ आली की हमखास उसळतं. शाळा बदलली तेव्हा तर रात्रभर चादरीवर नखांची खरखर ऐकू यायची.

हाच धागा एका 'समुपदेशका'ने पकडला. "हा कातडीचा रोगच नाही, मनातली भीती बाहेर पडतेय. घरात भांडणं होतात का?" कोणत्या घरात होत नाहीत? पण मी तिथेच ढेपाळले. सत्रांचे पैसे आगाऊ घेतले, वर ताण उतरवणारे थेंब आणि 'निव्वळ वनस्पतींचं' मलम. डबीवर ना घटक, ना तारीख. डॉक्टरांची औषधं बंद करायची, ही अट.

चौथ्या दिवशी खाज गायब. मी खुशीत चार मैत्रिणींना त्याचा नंबर दिला.

दोन महिन्यांत खोबणीतली कातडी पातळ, चकचकीत झाली. खालच्या बारीक शिरा दिसू लागल्या. एक दिवस मलम चुकलं की आगडोंब. त्याचं उत्तर, "मनातलं विष निघतंय." आणि आणखी दहा सत्रं!

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. मलम तपासायला दिलं, तर त्यात क्लोबेटासोल निघालं. हे अतितीव्र स्टिरॉइड १२ वर्षांखालच्या मुलांना एरवी देत नाहीत. मुलांच्या अंगात वजनाच्या मानाने ते जास्त मुरतं आणि शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण पेलायला लागणारं संप्रेरक, बनणं मंदावू शकतं.

मग ताणाचं खोटं होतं का? नाही, म्हणून तर मी फसले. ताणात त्वचेचं आवरण सावकाश भरून येतं, मज्जातंतूंतून खाज वाढवणारी रसायनं सुटतात. खाजेने झोप मोडते, त्याने चिडचिड, की पुन्हा खाज. पण ताणाने इसब फक्त भडकतं. इसबाचं मूळ त्वचेच्या कच्च्या आवरणात आणि प्रतिकारशक्तीत असतं. आता अंघोळीनंतर लगेच मॉइश्चरायझर, डॉक्टर सांगतील तेवढंच सौम्य स्टिरॉइड, आणि खाज सुटली की मूठ आवळून तीसपर्यंत मोजायचं. मोजायचं काम तिला आवडतं.

मुलाचं चालू औषध बंद करायला लावून कुणी बिनलेबलाची डबी हातात ठेवली, तर तिथूनच उठा.

चौघींना फोन केले. तिघींनी मलम घेतलंच नव्हतं. चौथीच्या मुलाच्या तोंडाभोवती बारीक पुरळ उठलं होतं आणि ती त्यावर तेच मलम लावत होती. "एकदम थांबवू नकोस, डबी घेऊन आजच डॉक्टरांकडे जा," एवढंच बोलता आलं मला.